विश्लेषण : कामाच्या टेबलावरून थेट रणांगणात... इस्रायलची ५५वी राखीव ब्रिगेड कशी लढली? आता राखीव सैनिक थकले का?

सकाळी बँकेत, दवाखान्यात किंवा किबुत्झच्या गोठ्यात काम करणारा माणूस संध्याकाळी गणवेश घालून युनिटच्या गोदामाबाहेर रांगेत उभा राहतो. इस्रायलमध्ये हे गेली ७५ वर्षे सुरू आहे. या देशाचे नेहमीचे सैन्य तुलनेने लहान आहे. मोठे युद्ध आले की खरा भार पडतो तो राखीव सैनिकांवर. त्यातही ५५वी पॅराट्रूपर ब्रिगेड ही सर्वांत नावाजलेली. १९६७ मध्ये जेरुसलेम, १९७३ मध्ये सुएझ कालवा आणि २०२३ नंतर गाझा असा तिचा प्रवास आहे. मात्र गाझातील दीर्घ युद्धाने या व्यवस्थेचाच कस लागला. सैनिक किती वेळा बोलवायचे, कोणाला बोलवायचे आणि कोणाला सूट द्यायची, यावरून इस्रायलचे राजकारण ढवळून निघाले आहे. या ब्रिगेडच्या इतिहासातून या प्रश्नाची मुळे कशी दिसतात, याचा आढावा.

५५वी ब्रिगेड म्हणजे नेमके काय?

ही पूर्णपणे राखीव सैनिकांची ब्रिगेड आहे. हिब्रूमध्ये तिला ‘होद हाहनीत’ म्हणजे ‘भाल्याचे टोक’ असे म्हणतात. पॅराट्रूपर म्हणून सक्तीची लष्करी सेवा पूर्ण केलेले तरुण घरी परततात, नोकरी-शिक्षणाला लागतात आणि त्यांचे नाव अशा राखीव ब्रिगेडच्या यादीत जाते. त्यामुळे ब्रिगेडमधला सैनिक नवखा नसतो. त्याने आधी दोन-तीन वर्षे प्रशिक्षण घेतलेले असते, विमानातून उड्या मारलेल्या असतात. फरक इतकाच की, तो आता पंचवीस, तीस किंवा पस्तीस वर्षांचा असतो. त्याला बायको-मुले असतात, घराचा हप्ता असतो.

१९६७ मध्ये या ब्रिगेडमध्ये २८, ६६ आणि ७१ अशा तीन बटालियन होत्या. ब्रिगेडचे नेतृत्व कर्नल मोर्दखाय ऊर्फ मोट्टा गूर यांच्याकडे होते. हेच गूर पुढे १९७४ ते १९७८ या काळात इस्रायलचे लष्करप्रमुख झाले.

राखीव सैन्याची ही व्यवस्था चालते कशी?

१९४८ मध्ये इस्रायल स्थापन झाला तेव्हा त्याची लोकसंख्या दहा लाखांहून कमी होती. चहूबाजूंनी शत्रुराष्ट्रे आणि मोठे खडे सैन्य पोसण्याइतके ना पैसे, ना माणसे. तेव्हा लष्कराच्या नेतृत्वाने स्वित्झर्लंडच्या नागरी सैन्याचा अभ्यास केला आणि १९४९ मध्ये संरक्षण सेवा कायदा आला. तरुण-तरुणींना सक्तीची सेवा आणि त्यानंतर अनेक वर्षे राखीव सेवा, असे त्याचे सूत्र होते. इस्रायलचा प्रत्येक नागरिक म्हणजे वर्षातून अकरा महिने रजेवर असलेला सैनिक, हे तत्कालीन लष्करप्रमुख यिगाएल यादिन यांच्या नावावर सांगितले जाणारे वाक्य या व्यवस्थेचे सार सांगते.

राखीव सेवेला हिब्रूमध्ये ‘मिलुइम’ म्हणतात. शांततेच्या काळात सैनिकाला ठरावीक दिवस सरावासाठी बोलावले जाते. प्रत्येक राखीव तुकडीची शस्त्रे, वाहने, दारूगोळा स्वतंत्र गोदामांत ठेवलेला असतो. संकटाच्या वेळी निघणाऱ्या आदेशाला ‘त्झाव ८’ म्हणजे ‘आदेश क्रमांक ८’ असे नाव आहे. पूर्वी हा आदेश रेडिओवरील सांकेतिक शब्दांतून आणि दारोदार जाणाऱ्या निरोप्यांमार्फत पोहोचत असे. आता तो फोनवर येतो. सेवेच्या काळातील वेतनाची भरपाई राष्ट्रीय विमा संस्था करते आणि या काळात नोकरीवरून काढण्यास कायद्याने बंदी आहे.

कागदावर हे गणित अचूक दिसते. पण त्यात एक मोठी अट दडलेली आहे. युद्ध लवकर संपले पाहिजे. कारण जो माणूस रणगाड्यात बसला आहे, तोच कारखान्यातल्या यंत्रावरून उठून आलेला आहे.

१९६७ : उडी सिनाईत ठरली, मग ब्रिगेड जेरुसलेमला कशी पोहोचली?

मे १९६७ मध्ये इजिप्तचे अध्यक्ष गमाल अब्देल नासर यांनी सिनाईत सैन्य उतरवले आणि तिरानची सामुद्रधुनी इस्रायली जहाजांना बंद केली. इस्रायलने राखीव सैनिकांना बोलावले. त्यानंतर सुरू झाला तीन आठवड्यांचा तणावपूर्ण काळ. इस्रायलमध्ये तो ‘हमताना’ म्हणजे ‘प्रतीक्षा’ म्हणून ओळखला जातो. कर्ते पुरुष छावण्यांत बसून असल्याने बसगाड्या, कारखाने, शेती यांची गती मंदावली. शाळकरी मुले टपाल वाटू लागली, खंदक खणू लागली. ही स्थिती फार काळ चालणे शक्य नव्हते. युद्ध पुकारण्याच्या निर्णयामागे लष्करी कारणांबरोबर हे आर्थिक दडपणही होते.

५ जूनला युद्ध सुरू झाले. ५५व्या ब्रिगेडची मूळ कामगिरी होती सिनाईतील अल अरिश येथे पॅराशूटने उतरण्याची. पण इस्रायली रणगाडे इतक्या वेगाने पुढे सरकले की उडी मारण्याची गरजच उरली नाही. त्याच दिवशी जॉर्डनने जेरुसलेमच्या पश्चिम भागावर तोफांचा मारा सुरू केला होता. ब्रिगेडला नवा आदेश मिळाला. ज्यांना विमानात बसायचे होते ते सैनिक नागरी बसगाड्यांतून जेरुसलेमला निघाले.

अडचण अशी होती की, तयारी वाळवंटाची झालेली होती. शहरातल्या गल्ल्यांत लढण्याची योजना काही तासांत आखावी लागली. नकाशे आणि हवाई छायाचित्रे अपुरी होती. हल्ला सुरू होण्यापूर्वीच जॉर्डनचे तोफगोळे जमावाच्या ठिकाणी पडले आणि २८व्या बटालियनचे अनेक सैनिक तिथेच ठार किंवा जखमी झाले.

ॲम्युनिशन हिलवर काय घडले?

६ जूनच्या मध्यरात्रीनंतर दोनच्या सुमारास हल्ला सुरू झाला. ६६व्या बटालियनसमोर पोलीस प्रशिक्षण शाळा आणि त्यामागची ॲम्युनिशन हिल ही टेकडी होती. ब्रिटिश राजवटीत दारूगोळा साठवण्यासाठी वापरली गेलेली ही जागा जॉर्डनच्या सैन्याने खंदक आणि काँक्रीटच्या ठाण्यांनी भक्कम केली होती. तिथे शत्रू किती आहे, याचा इस्रायलचा अंदाज चुकला. प्रत्यक्षात मोठी तुकडी होती आणि ती मागे हटायला तयार नव्हती.

खंदक इतके अरुंद होते की पाठीवर सामान घेतलेला सैनिक त्यातून कसाबसा सरकू शकत होता. एकामागोमाग एक असेच पुढे जावे लागे. सर्वांत पुढचा पडला की त्याच्या मागच्याने त्याची जागा घ्यायची. काही ठिकाणी खंदकाच्या वर उघड्यावरून धावत गोळीबार करावा लागला. ही लढाई सुमारे चार तास चालली. पहाट झाली तेव्हा टेकडी इस्रायलच्या ताब्यात होती, पण त्यासाठी ३६ इस्रायली आणि ७१ जॉर्डनी सैनिकांनी प्राण गमावले होते. जॉर्डनचे सैनिक ज्या जिद्दीने लढले ते पाहून इस्रायली सैनिकांनीच त्यांच्या दफनाच्या जागी ‘शूर जॉर्डनी सैनिक’ अशा उल्लेखाची पाटी लावली.

दुसरीकडे २८व्या बटालियनने अंधारात वळण चुकवले. सलाहुद्दीन रस्त्याऐवजी ती नाब्लुस रस्त्याला लागली आणि गोळीबाराच्या तोंडी सापडली. ७ जूनला ब्रिगेडने लायन्स गेटमधून जुन्या शहरात प्रवेश केला. ‘टेम्पल माऊंट आमच्या हातात आहे’ हा गूर यांचा रेडिओ संदेश इस्रायलच्या इतिहासातील सर्वांत प्रसिद्ध वाक्यांपैकी एक ठरला. पश्चिम भिंतीपाशी वर पाहणाऱ्या तीन पॅराट्रूपर्सचे डेव्हिड रुबिंगर यांनी टिपलेले छायाचित्र जगभर गाजले. ते तिघेही याच ब्रिगेडचे होते. त्यातला एक तरुण पुढे स्त्रीरोगतज्ज्ञ झाला. राखीव सैनिक म्हणजे काय, हे सांगायला इतके पुरेसे आहे.

जेरुसलेमच्या लढाईत ब्रिगेडने सुमारे शंभर सैनिक गमावले. एक-दोन रात्रींत, एकाच शहरात.

त्या विजयाने प्रश्न सुटला की वाढला?

इस्रायलसाठी तो उत्सवाचा क्षण होता. पॅलेस्टिनींसाठी मात्र तो नव्या संकटाचा प्रारंभ होता. युद्ध संपताच पश्चिम भिंतीसमोरची मुघराबी वस्ती पाडून तिथे मोकळे मैदान करण्यात आले. शंभराहून अधिक घरे जमीनदोस्त झाली आणि शेकडो लोक बेघर झाले. नोव्हेंबर १९६७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक २४२ मंजूर करून युद्धात व्यापलेल्या प्रदेशातून इस्रायली सैन्याने माघार घेण्याची भूमिका मांडली. पूर्व जेरुसलेम हा आजही बहुतेक जगाच्या दृष्टीने व्यापलेला प्रदेश आहे. इस्रायल मात्र अखंड जेरुसलेमला आपली राजधानी मानतो.

राखीव सैनिकांसाठीही चित्र बदलले. सहा दिवसांत संपलेल्या युद्धाने त्यांच्यावर वेस्ट बँक, गाझा, सिनाई आणि गोलान येथे पहारा देण्याची कायमची जबाबदारी टाकली. मिलुइमचे दिवस वाढले ते तेव्हापासून.

१९७३ : राखीव सैनिकांना बोलावण्यास उशीर का झाला?

राखीव सैन्य बोलावणे हा निर्णय स्वस्त नसतो. मे १९७३ मध्ये युद्धाच्या शक्यतेने इस्रायलने सतर्कता वाढवून काही राखीव सैनिक बोलावले. युद्ध झाले नाही, खर्च मात्र झाला. त्यामुळे ऑक्टोबरमध्ये इजिप्त आणि सीरियाच्या हालचाली दिसत असूनही नेतृत्व द्विधा मन:स्थितीत राहिले. हल्ल्याची शक्यता कमी आहे, असेच लष्करी गुप्तचर विभाग सांगत होता.

६ ऑक्टोबरच्या पहाटे युद्ध त्याच दिवशी होणार हे स्पष्ट झाले. लष्करप्रमुख डेव्हिड एलाझार यांना व्यापक जमवाजमव हवी होती. संरक्षणमंत्री मोशे दायान यांना मर्यादित पुरेशी वाटत होती. पंतप्रधान गोल्डा मेयर यांनी एक लाखाहून अधिक सैनिक बोलावण्यास मान्यता दिली तेव्हा सकाळचे नऊ वाजून गेले होते. दुपारी दोनच्या सुमारास इजिप्तच्या तोफा धडाडल्या. सुएझ कालव्यालगतच्या बार-लेव्ह तटबंदीवर त्या वेळी जेमतेम ४५० सैनिक होते आणि तेही बहुतांश जेरुसलेमच्या राखीव ब्रिगेडचे.

योम किप्पूर हा ज्यूंचा सर्वांत पवित्र दिवस. रस्ते रिकामे, रेडिओ बंद, माणसे घरी किंवा प्रार्थनास्थळात. बेसावध क्षण म्हणून निवडलेल्या या दिवसाचा एक उलटा परिणामही झाला. सैनिक शोधावे लागले नाहीत आणि वाहतुकीचा अडथळाही नव्हता. अनेक जण उपवास सोडण्याआधीच गोदामांत पोहोचले. तिथे मात्र काही ठिकाणी रणगाडे अर्धवट दुरुस्त, तर काही ठिकाणी साहित्य गायब, असे चित्र होते.

सुएझ कालवा ब्रिगेडने कसा ओलांडला?

युद्धाच्या पहिल्या आठवड्यात इस्रायलचे प्रतिहल्ले फसले. मग मेजर जनरल एरियल शेरॉन यांच्या डिव्हिजनकडे कालवा ओलांडण्याची जबाबदारी आली. पहिल्यांदा पाण्यात उतरायचे होते ते याच ब्रिगेडने. नेतृत्व आता कर्नल डॅनी मॅट यांच्याकडे होते. या युद्धाच्या नोंदींत ती २४७व्या ब्रिगेडच्या नावाने आढळते.

योजना साधी होती. प्रत्यक्षात सगळेच विस्कटले. कालव्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर शेकडो वाहनांची कोंडी झाली. पॅराट्रूपर्सना पुरेशी लष्करी वाहने मिळाली नाहीत. बाजूलाच ‘चायनीज फार्म’ या नावाने ओळखल्या गेलेल्या जागेत रणगाड्यांची भीषण लढाई पेटली होती. तरीही १६ ऑक्टोबरच्या पहाटे दीडच्या सुमारास पहिल्या रबरी होड्या ग्रेट बिटर लेकच्या उत्तरेला पलीकडच्या काठाला लागल्या. समोर कोणीही नव्हते. इजिप्तच्या दोन सैन्यांमधली फट इस्रायलने नेमकी हेरली होती.

खरी परीक्षा त्यानंतर होती. पूल वेळेवर पोहोचला नाही. मोजके रणगाडे तराफ्यांवरून पार नेण्यात आले. काही शे पॅराट्रूपर्स एका दिवसाहून अधिक काळ पलीकडच्या काठावर जवळजवळ एकटेच होते. त्यांना परत बोलवावे का, याची चर्चा वरिष्ठ पातळीवर झाली. इजिप्तला धोक्याची जाणीव झाल्यावर त्या चिंचोळ्या जागेवर तोफांचा भडिमार सुरू झाला. १७ ऑक्टोबरला पूल तयार झाला आणि रणगाड्यांच्या तुकड्या पलीकडे जाऊ लागल्या. पुढच्या आठवड्यात इजिप्तचे तिसरे सैन्य वेढले गेले आणि युद्धाचे पारडे फिरले.

तरी या युद्धात इस्रायलचे २,६०० हून अधिक सैनिक मारले गेले. बार-लेव्ह तटबंदीवरील एका ठाण्याचे प्रमुख असलेले राखीव कॅप्टन मोट्टी अश्केनाझी घरी परतल्यावर पंतप्रधान कार्यालयाबाहेर एकटेच फलक घेऊन उभे राहिले. त्या निदर्शनांचे आंदोलन झाले. अग्रानात आयोगाचा अंतरिम अहवाल एप्रिल १९७४ मध्ये आला. त्याच महिन्यात गोल्डा मेयर यांनी राजीनामा दिला. राखीव सैनिक सरकारला जाब विचारू शकतो, हे इस्रायलने तेव्हा पाहिले.

एकाच ब्रिगेडमधून परस्परविरोधी चळवळी कशा निघाल्या?

५५व्या ब्रिगेडचे वेगळेपण युद्धाबाहेरही दिसते. १९६७ मध्ये जेरुसलेममध्ये खांद्याला खांदा लावून लढलेले काही जण नंतर विरुद्ध दिशांना गेले. हनान पोरात आणि योएल बिन-नून हे धार्मिक पॅराट्रूपर वेस्ट बँकेत ज्यू वसाहती उभारणाऱ्या ‘गुश एमुनिम’ या चळवळीच्या मुळाशी होते. ही चळवळ १९७४ मध्ये सुरू झाली. याच ब्रिगेडमधील किबुत्झवासी कलाकार अविताल गेवा शांततावादी चळवळीत गेले. उदी अदिव या आणखी एका सैनिकाला सीरियाशी संधान बांधल्याच्या आरोपावरून १९७३ मध्ये शिक्षा झाली. पत्रकार योसी क्लाइन हालेवी यांनी या ब्रिगेडच्या सात जणांच्या आयुष्यावर २०१३ मध्ये ‘लाइक ड्रीमर्स’ हे पुस्तक लिहिले.

१९७८ मध्ये इजिप्तबरोबरच्या शांतता वाटाघाटी अडखळत असताना ३४८ राखीव अधिकारी आणि सैनिकांनी पंतप्रधान मेनाहेम बेगिन यांना पत्र लिहिले. त्यातून ‘पीस नाऊ’ ही चळवळ उभी राहिली. सहीच्या खाली आपली लष्करी ओळख लिहिण्याची ही पद्धत पुढेही चालू राहिली. नेहमीच्या सैन्यातला जवान आदेश पाळतो. राखीव सैनिक आदेश पाळतो आणि घरी येऊन मतदानही करतो, मोर्चातही जातो.

२००६ च्या लेबनॉन युद्धाने काय शिकवले?

दुसऱ्या इंतिफादाच्या काळात इस्रायली सैन्याचा भर पॅलेस्टिनी शहरांतील कारवायांवर होता. खर्चकपातीत राखीव सैनिकांचे सराव कमी झाले. जुलै २००६ मध्ये हेझबोलाविरुद्ध युद्ध सुरू झाले तेव्हा त्याचे परिणाम दिसले. जुनी चिलखते, अपुरे पाणी-अन्न आणि सतत बदलणारे आदेश अशा तक्रारी घेऊन राखीव सैनिक परतले. ५५व्या ब्रिगेडच्या शेकडो सैनिकांनी संरक्षणमंत्री आणि लष्करप्रमुखांना उघड पत्र लिहून निर्णयातील धरसोडीवर बोट ठेवले. आम्ही लढायला तयार होतो, पण नेतृत्वाला काय हवे तेच ठरवता आले नाही, असा त्या पत्राचा आशय होता.

विनोग्राद आयोग नेमला गेला. लष्करप्रमुख डॅन हालुत्झ यांनी जानेवारी २००७ मध्ये राजीनामा दिला. २००८ मध्ये राखीव सेवेचा स्वतंत्र कायदा आला. सामान्य सैनिकाला तीन वर्षांत ५४ दिवस आणि अधिकाऱ्याला ८४ दिवस अशी सेवेची मर्यादा त्यात घालण्यात आली. वयाच्या चाळिशीत सामान्य सैनिकाची सुटका होईल, असेही ठरले.

७ ऑक्टोबर २०२३ नंतर काय बदलले?

२०२३ च्या पहिल्या सहामाहीत इस्रायलमध्ये न्यायव्यवस्थेतील वादग्रस्त बदलांविरोधात आंदोलन पेटले होते. ‘ब्रदर्स इन आर्म्स’ ही राखीव सैनिकांची संघटना त्यात आघाडीवर होती. हवाई दलाच्या हजाराहून अधिक राखीव कर्मचाऱ्यांनी स्वेच्छा सेवा थांबवण्याचा इशारा दिला होता.

७ ऑक्टोबरला हमासच्या हल्ल्यात सुमारे १,२०० जण मारले गेले आणि २५१ जणांना ओलीस नेण्यात आले. त्यानंतर इशारे मागे पडले. काही दिवसांत सुमारे ३ लाख ६० हजार राखीव सैनिक बोलावले गेले. सुमारे एक कोटी लोकसंख्येच्या देशात हा आकडा प्रचंड आहे. बोलावणे नसलेलेही हजर झाले. परदेशांतून सैनिकांनी विमाने पकडली. ५५वी ब्रिगेड ९८व्या डिव्हिजनबरोबर दक्षिण गाझातील खान युनिसमध्ये लढली.

पण हे युद्ध सहा दिवसांचे किंवा तीन आठवड्यांचे नव्हते. ते दोन वर्षे चालले. २०२३ च्या अखेरच्या तिमाहीत इस्रायलची अर्थव्यवस्था वार्षिक दराने सुमारे २० टक्क्यांनी आक्रसली. अनेक राखीव सैनिकांची एकत्रित सेवा २०० ते ३०० दिवसांवर गेली. तीन वर्षांत ५४ दिवसांची मर्यादा आणीबाणीच्या आदेशांपुढे कागदावरच राहिली. छोटे धंदे बुडाले, विद्यार्थ्यांची सत्रे वाया गेली, एकट्या पडलेल्या आयांवर घराचा भार आला. मानसिक आघाताचे उपचार घेणाऱ्या सैनिकांची संख्या वाढली.

युद्धाची दुसरी बाजू त्याहून भीषण आहे. गाझाच्या आरोग्य विभागाच्या माहितीनुसार ऑक्टोबर २०२५ पर्यंत तिथे ६७ हजारांहून अधिक पॅलेस्टिनी मारले गेले. मृतांत मोठ्या संख्येने महिला आणि मुले आहेत. एप्रिल २०२५ मध्ये हवाई दलाच्या सुमारे एक हजार आजी-माजी राखीव कर्मचाऱ्यांनी ओलिसांच्या सुटकेसाठी गरज पडल्यास युद्ध थांबवा, असे पत्र प्रसिद्ध केले. सेवेत असलेल्या स्वाक्षरीकर्त्यांना लष्कराने दूर केले. तरीही सप्टेंबर २०२५ मध्ये गाझा शहरावरील मोहिमेसाठी पुन्हा सुमारे ६० हजार जणांना बोलावणे धाडण्यात आले. ऑक्टोबर २०२५ मध्ये शस्त्रसंधी झाली.

हरेदींच्या सवलतीचा वाद का चिघळला?

इस्रायलच्या स्थापनेच्या काळात पंतप्रधान डेव्हिड बेन-गुरियन यांनी धर्मशिक्षण घेणाऱ्या काही शे हरेदी, म्हणजे अतिसनातनी ज्यू विद्यार्थ्यांना लष्करी सेवेतून सूट दिली होती. आता ही संख्या हजारोंच्या घरात गेली आहे. धर्मग्रंथांचे अध्ययन हीसुद्धा राष्ट्राची सेवाच आहे आणि सैन्यातील वातावरण आमची जीवनपद्धती मोडेल, असे हरेदी नेते म्हणतात. अरब मुस्लीम व ख्रिश्चन नागरिकांनाही सक्तीची सेवा नाही. ड्रूझ पुरुषांना मात्र आहे.

२५ जून २०२४ रोजी इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने निकाल दिला की, सवलतीला कायद्याचा आधार उरलेला नाही आणि सरकारने हरेदी तरुणांना भरती करावे. सैन्याला सुमारे १२ हजार सैनिकांची कमतरता असल्याचे लष्कराने सांगितले. जुलै २०२५ मध्ये हजारो भरती आदेश निघाले. त्यावरून हरेदी पक्षांनी पंतप्रधान बेंजामिन नेतान्याहू यांच्या सरकारची साथ सोडली.

राखीव सैनिकाच्या घरातला प्रश्न सरळ आहे. चौथ्या-पाचव्यांदा माझ्याच घरातला माणूस का? १९६७ मध्ये ओझे वाटून घेतल्याची भावना होती. ती भावना हेच राखीव सैन्याचे खरे भांडवल असते. कायद्याने माणूस छावणीपर्यंत आणता येतो. खंदकात पुढचा पडल्यावर त्याच्या जागी मागच्याने जावे, हे कायद्याने करवून घेता येत नाही.

महाराष्ट्राशी याचा काय संबंध?

कोकणातून आणि मुंबईतून इस्रायलला गेलेल्या बेने इस्रायली समाजाची मोठी वस्ती अश्दोद, बीरशेबा, दिमोना, लोद या शहरांत आहे. घरात मराठी बोलणाऱ्या पहिल्या पिढीने तिथे ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिकही चालवले. याच समाजातील अनेकांनी ब्रिटिश काळात मुंबई लष्करात सेवा बजावली होती. इस्रायलमध्ये त्यांच्या मुला-नातवंडांना इतरांप्रमाणेच सक्तीची आणि राखीव सेवा लागू आहे. त्यामुळे ‘मिलुइम’ हा शब्द अलिबाग-पेणच्या आठवणी सांगणाऱ्या घरांतही रोजच्या बोलण्यातला आहे.

भारतातील टेरिटोरियल आर्मी यापेक्षा वेगळी कशी?

भारतात सक्तीची लष्करी सेवा नाही. नागरिकांच्या अर्धवेळ सैन्याचे आपले रूप म्हणजे टेरिटोरियल आर्मी, अर्थात प्रादेशिक सेना. १९४८ च्या कायद्याने ती उभी राहिली आणि ९ ऑक्टोबर १९४९ रोजी गव्हर्नर जनरल सी. राजगोपालाचारी यांच्या हस्ते तिचे औपचारिक उद्घाटन झाले. यात नोकरी-व्यवसाय सांभाळून स्वेच्छेने सेवा देता येते. पुण्यातील १०१ आणि कोल्हापुरातील १०९ या मराठा लाइट इन्फन्ट्रीशी संलग्न बटालियन महाराष्ट्राला परिचित आहेत. क्रिकेटपटू महेंद्रसिंह धोनी याच दलाच्या पॅरा बटालियनमध्ये मानद लेफ्टनंट कर्नल आहे.

मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या वेळी केंद्र सरकारने लष्करप्रमुखांना या दलाचे अधिकारी आणि जवान गरजेनुसार बोलावण्याचा अधिकार दिला. ३२ पैकी १४ इन्फन्ट्री बटालियन तैनात करण्यास मान्यता मिळाली. मात्र भारताचे खडे सैन्यच दहा लाखांहून मोठे आहे. इथे राखीव दल मदतीला असते. इस्रायलमध्ये तेच मुख्य फौज असते. त्यामुळे दोन्ही व्यवस्थांची थेट तुलना योग्य नाही. पण बोलावलेल्या माणसाची नोकरी टिकेल का, त्याच्या घराचे काय आणि तो परतल्यावर त्याची काळजी कोण घेईल, हे प्रश्न दोन्हीकडे सारखेच आहेत.

पुढे काय?

इस्रायलपुढे तीन पर्याय दिसतात. सक्तीच्या सेवेचा काळ वाढवायचा, हरेदी तरुणांना सामावून घ्यायचे किंवा सैन्यावरील जबाबदाऱ्या कमी करायच्या. पहिल्यात तरुणांची आणखी वर्षे जातात, दुसऱ्यात सरकार पडण्याचा धोका आहे आणि तिसऱ्यासाठी गाझा, लेबनॉन, सीरिया, वेस्ट बँक या सर्व आघाड्यांवर राजकीय तोडगा लागतो. हे तिन्ही निर्णय सेनापतींच्या हातातले नाहीत.

५५व्या ब्रिगेडचा इतिहास पाहिला तर तिला कमी पडले ते शौर्य नव्हे. १९६७ मध्ये नकाशे कमी पडले, १९७३ मध्ये वेळेवर इशारा आणि वाहने कमी पडली, २००६ मध्ये सराव आणि स्पष्ट आदेश कमी पडले. दर वेळी ती उणीव सैनिकांनी भरून काढली आणि किंमतही त्यांनीच मोजली. या वेळी कमी पडत आहेत ती माणसे. ती उणीव तीच तीच माणसे पुन:पुन्हा बोलावून किती काळ भरून काढता येईल, हा इस्रायलपुढचा खरा प्रश्न आहे.